साक्षांकन नमुन्यातला 'होय': जुनी अटक, जुनी केस आणि हातातोंडाशी आलेली सरकारी नोकरी

निवड यादीत नाव लागलं की पेढे वाटले जातात, चौकात फ्लेक्स लागतो आणि थोड्याच दिवसांत एक रुक्ष कागद येतो: साक्षांकन नमुना, म्हणजे पोलीस पडताळणीसाठी स्वतःची पूर्वमाहिती लिहून द्यायचा फॉर्म. पेढ्यांच्या नादात पोरं तो पाच मिनिटांत भरून टाकतात. बऱ्याचदा स्वतः भरतही नाहीत. नेट कॅफेवाला सराईतपणे सगळ्या रकान्यांत 'नाही, नाही, नाही' उमटवतो आणि हे खाली सही ठोकतात.

माझी नोकरी आस्थापना शाखेत, म्हणजे नेमणुकांचे कागद पाहणाऱ्या शाखेत गेली, त्यामुळे असे नमुने आणि त्यांच्यामागून येणारे पोलिसांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचायचं काम वर्षानुवर्षं केलं. आता निवृत्तीनंतर संध्याकाळी तालुक्याच्या अभ्यासिकेत बसतो. मध्यंतरी एक मुलगा कोरा नमुना घेऊन आला. गणपती मिरवणुकीत दोन मंडळांची मारामारी झालेली, त्यात याचंही नाव. चार वर्षं तारखा झाल्या, फिर्यादी कोर्टात फिरला, सगळे सुटले.

"काका, केस संपली, निर्दोष सुटलो. मग 'नाही'च लिहायचं ना?"

"अटक झाली होती का?"

"छे, अटक कुठली! टेबल जामीन झाला, रात्री घरी जेवायला होतो."

इथेच पहिला घोळ होतो. टेबल जामीन म्हणजे जामीनपात्र गुन्ह्यात अटक दाखवून ठाण्यातूनच जामिनावर सोडणं. लॉकअप पाहिला नसला तरी अटकेचा कागद तयार झालेला असतो, त्यावर तुमची सही असते आणि तो पोलिसांच्या संगणकात जातो. घरच्यांच्या लेखी 'पोराला अटक झाली नाही' हे खरं असेल, नमुन्याच्या लेखी झाली. त्या मुलाला तेव्हा जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

आधी कागद, मग पेन

नमुना हातात यायची वाट पाहू नका. परीक्षेचा अभ्यास चालू असतानाच एक फाइल करा. आठवणीवर भरोसा ठेवून भरलेली माहिती हमखास चुकते. वर्ष चुकतं, कलम चुकतं, आणि नंतर ती चूक लपवाछपवीसारखी दिसते.

फाइलमध्ये काय हवं? गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष, पोलीस ठाणं, सगळी कलमं, अटकेची आणि सुटकेची तारीख, दोषारोपपत्र कधी गेलं, कोर्टातला खटला क्रमांक (आपल्याकडे फौजदारी खटल्याच्या क्रमांकाआधी बहुधा आर.सी.सी. किंवा एस.सी.सी. अशी अक्षरं असतात) आणि शेवटचा निकाल. खटला क्रमांक ठाऊक नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधता येतो. नावाचं स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी टाकून बघा. फिर्यादीत 'ज्ञानेश्वर' कसा उतरलाय याचा नेम नसतो. क्रमांक मिळाला की कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा. मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही. नकलेला दिवस लागतात, जुनं रेकॉर्ड असेल तर जास्तच लागतात.

निकालाचा शेवटचा परिच्छेद नीट वाचा. सरकारी पक्षाने हजर केलेला पुरावाच विश्वासार्ह नाही असं म्हणून सोडलंय, की संशयाचा फायदा देऊन, की साक्षीदार फितूर झाले म्हणून? घरी तिन्हीला 'निर्दोष' म्हणतात. छाननी करणारा अधिकारी या तिघांत फरक करतो आणि तसा फरक करायला सर्वोच्च न्यायालयाने त्याला मुभा दिलेली आहे. दिल्ली पोलीस भरतीतल्या मेहर सिंग प्रकरणात (२०१३) तडजोड होऊन, साक्षीदार उलटून झालेली सुटका उमेदवाराला पोलिसात घेण्यासाठी पुरेशी मानली गेली नाही.

केस कोर्टात उभीच राहिली नसेल आणि पोलिसांनी 'बी समरी' किंवा 'सी समरी' (खटला न भरता केस बंद करण्याचा अहवाल) पाठवली असेल, तर न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती मंजूर केल्याचा आदेश मिळवा. समरी पाठवली म्हणजे केस संपली नव्हे. मंजुरी झाली की संपली. खटला मागे घेतल्याचं ऐकलं असेल तर त्याचंही तसंच. टाळेबंदीच्या काळातल्या कलम १८८ च्या केसेस किंवा आंदोलनांतल्या केसेस 'सरकारने मागे घेतल्या' ही बातमी असते. खटला मागे घ्यायला कोर्टाची संमती लागते. तुमच्या खटल्यात तसा आदेश झालाय का, ते रोजनाम्यात (खटल्याच्या तारखांच्या कोर्टातल्या नोंदीत) बघितल्याशिवाय केस संपली असं लिहू नका.

प्रश्न शब्दाला शब्द वाचा

केंद्र सरकारच्या नमुन्यात हा रकाना साधारण बाराव्या क्रमांकाला असतो आणि त्याच्या पोटात दहाएक उपप्रश्न असतात. राज्याच्या नमुन्याचा ढाचाही तसाच. कधी अटक झाली होती का? खटला भरला होता का? स्थानबद्ध केलं होतं का? बंधपत्र लिहून घेतलं होतं का? न्यायालयाने दंड केला होता का? दोषी ठरवलं होतं का? परीक्षेला बसायला मनाई किंवा विद्यापीठातून काढलं होतं का? आत्ता, फॉर्म भरताना, एखादं प्रकरण प्रलंबित आहे का?

बारकाईने बघा, 'तुम्ही गुन्हेगार आहात का' असं यात कुठेच विचारलेलं नाही. 'कधी' विचारलंय. झालेली अटक निकालाने पुसली जात नाही, त्यामुळे निर्दोष सुटलेल्यानेही अटकेच्या आणि खटल्याच्या रकान्यात 'होय', दोषी ठरवण्याच्या रकान्यात 'नाही' आणि प्रलंबितच्या रकान्यात 'नाही' असंच लिहायचं. चार प्रश्न, चार स्वतंत्र उत्तरं. सगळीकडे एकच उत्तर देणारा नमुना दिसला की मी आधी तोच बाजूला काढायचो.

आता आपल्याकडचे नेहमीचे प्रसंग घेऊ.

मोर्चात पोलिसांनी गाडीत घालून नेलं, पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर बसवलं आणि दुपारी सोडलं. बातमीत येतं, 'महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ खाली ताब्यात, ६९ खाली सुटका'. बहुतेक वेळा ही अटक नसते, पण अटकावून ठेवणं होतं. माझं मत स्पष्ट आहे: स्थानबद्धतेच्या रकान्यात एक ओळ लिहून टाका. घोषणा दिल्या म्हणून कोणाची नोकरी सहसा जात नाही. तरुण वयात घोषणा दिल्यासारख्या किरकोळ गोष्टींकडे दुर्लक्ष करता येईल, हे उदाहरण खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे.

चॅप्टर केस. बांधावरून चुलत्याशी भांडण झालं, नाहीतर निवडणुकीच्या तोंडावर पोलिसांनी गावातल्या दोन्ही गटांवर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ ची, म्हणजे शांतताभंग टाळण्यासाठीची, कारवाई केली (नव्या संहितेत कलम १२६). कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे, म्हणजे गावाकडे बहुधा तहसीलदारांपुढे, शांतता राखण्याचा बाँड लिहून दिला आणि विषय विसरला. हा गुन्हा नव्हे, शिक्षाही नव्हे. पण नमुन्यातला बंधपत्राचा प्रश्न नेमका याच्यासाठी आहे. मी पाहिलेल्या 'दडवलेल्या' माहितीत सर्वांत जास्त चॅप्टर केसेसच होत्या, आणि त्यातल्या बहुतेकांनी दडवलं नव्हतं, त्यांना तो प्रश्नच कळला नव्हता.

अटक न करता नुसती नोटीस दिली (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेची ४१-अ, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५) आणि पुढे दोषारोपपत्र गेलं, तर अटक 'नाही', खटला 'होय'.

एन.सी., म्हणजे अदखलपात्र तक्रार, नुसती नोंदवून ठेवली. कोर्टात काही गेलं नाही, कोणी बोलावलंही नाही. अशा वेळी तुमच्या नमुन्यात 'पोलिसांत कधी तक्रार किंवा गुन्हा नोंद झाला आहे का' असा वेगळा प्रश्न आहे का ते बघा. काही दलांच्या फॉर्ममध्ये असतो. जे विचारलंय तेवढंच सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे आणि प्रश्न मोघम असेल तर त्याचा दोष उमेदवारावर टाकता येत नाही, हेही न्यायालयाने सांगितलंय. ही सवलत वकिलाने कोर्टात वापरायची असते. फॉर्म भरताना शंका आली तर एक ओळ जास्त लिहिलेली परवडते.

अठराच्या आत असताना काही घडलं असेल तर गोष्ट निराळी. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम २४ म्हणतं की अशा निष्कर्षामुळे पुढे कोणतीही अनर्हता (अपात्रता) लागत नाही. सोळा वर्षांपुढच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालला असेल तेवढा अपवाद. यात स्वतःच्या बुद्धीने चालू नका, वकिलाला विचारा.

आणि 'मला इंग्रजी कळलं नाही' हे कारण चालत नाही. केंद्रीय विद्यालयाच्या राम रतन यादव या शारीरिक शिक्षण शिक्षकाने खटला प्रलंबित असताना दोन रकान्यांत 'नाही' लिहिलं. मी हिंदी माध्यमातला, तो इंग्रजी शब्द मला समजला नाही, असा त्याचा बचाव होता. एवढ्या पदव्या घेतलेल्या माणसाकडून हे ऐकून घ्यायला सर्वोच्च न्यायालय तयार झालं नाही (२००३). पुढे तो खटलाच सरकारने मागे घेतला होता, तरी नोकरी गेली ती गेलीच. नेट कॅफेवाल्याने भरलं, हे कारण तर सांगूच नका. सही तुमची आहे.

(अमेरिकेतले वाचक विचारतात म्हणून: तिथे नागरिकत्व मिळवलेली आपली मुलं संरक्षण खात्याशी संबंधित कामासाठी सुरक्षा परवानगी मागतात तेव्हा एसएफ-८६ हा फॉर्म भरतात. न्यायालयाने रेकॉर्ड सीलबंद केलं किंवा पुसून टाकलं असलं तरी, मोजके अपवाद वगळता, ते सांगा असं त्यातल्या पोलीस नोंदींच्या भागातच म्हटलंय. 'वकील म्हणाला आता सांगायची गरज नाही' हे तिथे चालत नाही, आणि जाणूनबुजून खोटं लिहिणं हा तिथे स्वतंत्र संघीय गुन्हा आहे.)

'होय' कसं लिहायचं

त्या मुलाला आधी कच्च्या कागदावर लिहायला लावलं. पहिला मसुदा असा होता: 'राजकीय आकसातून मला खोट्या केसमध्ये गोवण्यात आले होते.' खोडायला लावला. शेवटी उतरलं ते असं (जागांची नावं गाळली आहेत):

'होय. … पोलीस ठाणे, गु.र.नं. २१२/२०१७, भा.दं.वि. कलम १४३, १४७, १४९, ३२३, ५०४, ५०६. दि. ६/९/२०१७ रोजी अटक व त्याच दिवशी पोलीस ठाण्यातून जामिनावर सुटका. मा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, … यांचे न्यायालयात आर.सी.सी. क्र. …/२०१८. दि. …/२०२१ रोजी निर्दोष मुक्तता. निकालाची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे.'

बस. यात एकही विशेषण नाही. वाचणाऱ्याला तुमची बाजू कळायला हवी असेल तर वेगळं पान जोडा, त्यावर आठ-दहा ओळींत काय घडलं, तेव्हा तुमचं वय किती होतं, त्यानंतर काही नाही, एवढं लिहा. जागा अपुरी असेल तर रकान्यात 'सोबत जोडपत्र अ पाहावे' लिहून जोडपत्रावरही सही करा. आणि सगळ्याची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. वर्षभराने कोणी विचारलं तर तुम्ही तेव्हा काय लिहिलं होतं ते तुम्हाला तरी आठवायला हवं.

सगळीकडे एकच

ऑनलाइन अर्ज, साक्षांकन नमुना, पोलिसांकडे चारित्र्य पडताळणीसाठी केलेला अर्ज आणि घरी चौकशीला आलेल्या बीट अंमलदारापुढे दिलेला जबाब, या चारही ठिकाणी एकच माहिती असायला हवी. अंमलदार दारात उभा राहिला की वडील हात जोडून म्हणतात, "साहेब, आमच्या पोराचं काही नाही हो." नमुन्यात 'होय' आहे आणि जबाबात 'काही नाही'. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

पत्त्यांच्या रकान्यात मागच्या पाच वर्षांत वर्षाहून जास्त जिथे राहिलात त्या सगळ्या जागा लिहायच्या असतात. पुण्यातलं कॉट बेसिसवरचं घरही. पडताळणी त्या त्या ठिकाणच्या पोलिसांकडे जाते. पत्ता गाळला की तिथली केस कळणार नाही अशी काहींची समजूत असते. ठाणी सीसीटीएनएस या पोलिसांच्या देशभरच्या संगणक प्रणालीने जोडली गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर, संवेदनशील गुन्हे सोडले तर, एफआयआर संकेतस्थळावर टाकाव्या लागतात. तुमचा शेजारीही त्या वाचू शकतो.

'ठाण्यात ओळख आहे, अहवाल नील करून देतो' म्हणणारा भेटेल. त्याला पैसे दिलेत तर दोन गुन्हे होतील.

नमुना दिल्यावर नवीन काही घडलं, अटक झाली, दोषारोपपत्र गेलं, तर ते लगेच लेखी कळवा. नमुन्याच्या सुरुवातीच्या इशाऱ्यातच हे लिहिलेलं असतं: नंतरचं कळवलं नाही तरी ती माहिती दडवणंच धरली जाईल.

खरं लिहिलं तर नोकरी मिळतेच का?

नाही, मिळतेच असं नाही, आणि तसं कोणी सांगत असेल तर तो तुमची दिशाभूल करतोय. या विषयातला मुख्य निकाल म्हणजे अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार, २१ जुलै २०१६, तीन न्यायमूर्तींचं खंडपीठ. संपलेल्या केसची खरी माहिती दिली तरी नियुक्ती देणाऱ्याला तुमचं पूर्वचारित्र्य तपासण्याचा हक्क राहतो, त्याला नियुक्ती द्यायला भाग पाडता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. किरकोळ केस प्रलंबित असेल आणि तुम्ही ती सांगितली असेल तर निकालाच्या अधीन राहून घेता येईल. किरकोळ गोष्ट दडवली गेली तर अधिकारी ती माफ करू शकतो, करायलाच हवी असं नाही. अनेक प्रलंबित केसेस मुद्दाम दडवल्या तर ते दडवणंच पुरेसं कारण आहे. आणि ज्या केसबद्दल तुम्हाला माहीतच नव्हतं ती दडवली असं म्हणता येत नाही. तरी तिच्या गांभीर्याचा विचार होऊ शकतो.

पोलीस, सीआरपीएफ, रेल्वे सुरक्षा दल अशा गणवेशाच्या नोकऱ्यांत कसोटी कडक. सतीश चंद्र यादव प्रकरणात (२०२२) सीआरपीएफच्या जवानांची बाजू टिकली नाही. त्याच वर्षी पवन कुमार या रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला मात्र न्यायालयाने परत घ्यायला लावलं. माहिती दडवली एवढ्यावरून डोळे झाकून काढून टाकता येत नाही, असं म्हणून. एकाला न्याय आणि दुसऱ्याला नाही, असं वरवर वाटतं. प्रत्येक प्रकरणाचे तपशील वेगळे असतात, म्हणून तर कागद गोळा करा म्हणतोय.

मला यात सर्वांत बोलकं वाटतं ते राजस्थानच्या वीज कंपनीतल्या तांत्रिक मदतनिसाचं प्रकरण (२०२१). केस साधी मारहाणीची, शिक्षेऐवजी पुढे परिवीक्षेचा (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटकेचा) लाभही मिळालेला. पण त्याने आपल्यावर काही नाही असं जाहीर केलं होतं. न्यायालय म्हणालं, भांडण किरकोळ होतं की नव्हतं हा प्रश्नच नाही, प्रश्न या माणसावर विश्वास ठेवायचा का हा आहे. नोकरी गेली. आस्थापना शाखेतही अगदी असाच विचार चालतो. मिरवणुकीतल्या मारामारीने साहेब बिथरत नाही. त्याच्या टेबलावर दोन कागद येतात, एकावर 'नाही' आणि दुसऱ्यावर गु.र.नं., आणि शेऱ्यात काय लिहायचं ते त्याला ठरवावं लागतं.

नियुक्ती नाकारली तर आधी कारणे दाखवा नोटीस मागा, आली असेल तर मुदतीत मुद्देसूद उत्तर द्या. कायम झालेल्या कर्मचाऱ्याला विभागीय चौकशीशिवाय काढता येत नाही. राज्य सरकारच्या पदासाठी 'मॅट'मध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण), केंद्राच्या बहुतेक मुलकी पदांसाठी 'कॅट'मध्ये (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण) जाता येतं, आणि तिथे सर्वसाधारण मुदत आदेशापासून एक वर्षाची. मंत्रालयात चकरा मारण्यात ते वर्ष संपवणारे मी पाहिलेत.

माझ्याकडे आलेल्या त्या मुलाची फाइल सात महिने फिरली. त्याच्या बरोबरीचे रुजू होऊन दोन पगार घेऊन बसले होते. एकदा बोलावून विचारणा झाली, निकालाची नक्कल पुन्हा मागितली, मग आदेश आला. ते सात महिने त्याच्या आईने मला बरंच ऐकवलं.

आधीच 'नाही' लिहून बसला असाल तर

पोलिसांचा अहवाल जाण्याआधी स्वतः दुरुस्ती द्या. दिल्ली पोलीस भरतीतल्या संदीप कुमार या उमेदवाराने अर्जात 'नाही' लिहिलं होतं, पण पुढे साक्षांकन नमुन्यात स्वतःहून जुनी, तडजोडीने मिटलेली केस सांगितली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्याची बाजू घेतली. साक्षांकन नमुना त्याने २००१ मध्ये भरला होता. मधली दहा वर्षं मोजा.

पत्र साधं असू द्या: 'दि. … रोजी सादर केलेल्या नमुन्यातील रकाना क्र. … मध्ये माझ्याकडून चुकीची माहिती लिहिली गेली, योग्य माहिती पुढीलप्रमाणे आहे.' कारण खरं असेल ते एका वाक्यात लिहा. सोबत नकला जोडा. ईमेल केला तरी प्रत्यक्ष आवक-जावक टेबलावर जाऊन दोन प्रती द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. लिपिक म्हणेल, "ठेवून जा, करतो नंतर." बाकावर बसून राहा.